पतंगवेडा विमानकार : सर जेफ्री डी हॅविलंड

डास म्हटलं की आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या अंगावर काटा येतो. पण माझा मावसभाऊ इंग्लंडला शिकायला गेला आणि त्याने फोनवर कॉलेजचा पत्ता सांगितला तेव्हा मी हसतच सुटले. पत्ता होता मॉस्किटो वे, हॅटफिल्ड. म्हणजे चक्क डास मार्ग! नंतर दादाने फोटो पाठवले. जवळच्याच एका रस्त्याचं नाव जिप्सी मॉथ ॲव्हेन्यू. आजूबाजूला काचेची ऑफिसं, कॉम्प्युटर कंपन्या. आणि एक जिम. ह्या जिमचं छप्पर इतकं उंच की आत आपलं अख्खं वर्कशॉप मावेल. ट्रेडमिलवर पळायला एवढं उंच छप्पर कशाला लागतं?

ह्या प्रश्नामागे लागले आणि एका माणसाच्या चरित्रापर्यंत पोचले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलंय. तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

जेफ्री डी हॅविलंडचा जन्म २७ जुलै १८८२ चा, इंग्लंडमधल्या हाय विकम गावाजवळचा. वडील चर्चमध्ये पाद्री. घरात पैसा बेताचाच. पुढे वडिलांची नेमणूक हॅम्पशरमधल्या क्रक्स ईस्टन नावाच्या छोट्या खेड्यात झाली. तिथे जेफ्री आणि त्याचा मोठा भाऊ आयव्हन ह्यांनी मिळून घरासाठी विजेची सोय केली. ज्या काळात खेड्यात दिव्यासाठी रॉकेल जाळत, त्या काळात पाद्रीबुवांच्या घरात पोरांनी विजेचे दिवे लावले! जेफ्रीनेही चर्चमध्येच जावं अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण ह्या मुलाचे हात कायम तेलाने काळे. शेवटी १९०० मध्ये तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेस इंजिनीअरिंग स्कूलमध्ये दाखल झाला.

तिथे त्याने स्वतः डिझाइन केलेली मोटरसायकल बनवली. विद्यार्थ्यांची चणचण तेव्हाही आपल्यासारखीच. त्याने इंजिनाची ड्रॉइंग्ज अवघ्या ५ पौंडांना दोघांना विकून टाकली आणि त्या दोघांनी त्यावर पुढे इंजिनांचा धंदा उभारला. म्हणजे व्यवहारात जेफ्री कच्चाच होता म्हणायचं. त्यानंतर रग्बीला उमेदवारी केली, बर्मिंगहॅमला मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला, मग लंडनला बस बनवणाऱ्या कंपनीत लागला. नोकरी बरी होती, पण जीव रमेना. इथेच त्याला फ्रँक हर्ल हा मेकॅनिक मित्र भेटला, जो आयुष्यभर साथीला राहिला.

तेवढ्यात १९०८ मध्ये विल्बर राइटने फ्रान्समध्ये विमान उडवून दाखवलं आणि सगळ्या युरोपला वेड लागलं. जेफ्रीनेही ठरवलं की आपण विमान बनवायचं. स्वतः उडणं सोडाच, उडताना विमान त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. आईच्या वडिलांकडे तो गेला. आजोबा पैसेवाले होते. त्यांनी १००० पौंड दिले, म्हणजे पुढे वारसाहक्काने मिळणारा वाटा आधीच दिला म्हणा ना. जेफ्रीने नोकरी सोडली. फ्रँकला बरोबर घेतलं. लंडनच्या फुलम भागात एक शेड भाड्याने घेतली. इंजिनही त्याने स्वतःच डिझाइन केलं, ४५ हॉर्सपॉवरचं, आणि एका मोटार कंपनीकडून बनवून घेतलं. १९०९ मध्ये त्याचं लुईशी लग्न झालं. विमानाच्या पंखांचं कापड ह्या लुईने हाताने चालवायच्या शिलाई मशिनवर शिवलं. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजून दोन मुली. त्यामुळे लुईबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते. तिचं नाव कुठल्याच विमानाला दिलेलं नाही!

डिसेंबर १९०९. सेव्हन बॅरोज नावाच्या माळरानावर विमान उतारावरून पळवलं. जेफ्रीने दांडा ओढला, विमान वर उठलं, आणि क्षणात डावा पंख मोडून सगळं जमिनीवर! तो वाचला, फारसं लागलं नाही. पण दीड वर्षाची मेहनत आणि आजोबांच्या पैशांतला मोठा हिस्सा काड्यांच्या ढिगात पडला होता.

इथे मला थांबून एक सांगायचंय. अशा वेळी दोष कुणाला द्यायचा? वाऱ्याला देता आला असता. उताराला देता आला असता. जेफ्रीने तुटलेले तुकडे पाहिले आणि कारण सापडलं. पंखातला मुख्य दांडा, म्हणजे आपला स्पार, त्याने ज्या लाकडाचा केला होता ते ह्या कामाला मजबूतच नव्हतं. ॲश किंवा स्प्रूस वापरायला हवं होतं. चूक त्याची स्वतःची होती. मग इंजिन ढिगातून काढून दुरुस्त केलं आणि दुसरं विमान करायला घेतलं. १९१० च्या सप्टेंबरात त्याच माळावर फ्रँक गवतात आडवा पडून बघत होता की चाकं जमिनीपासून सुटतात का. सुटली! अगदी काही इंच, पण सुटली. जेफ्री उडायला शिकला तोही असाच, गुरूशिवाय.

पैसे मात्र संपत आले होते. तेव्हा फार्नबरोच्या सरकारी बलून फॅक्टरीने ते विमान ४०० पौंडांना विकत घेतलं, आणि जेफ्री व फ्रँक दोघांनाही नोकरी दिली. विमान विकलं आणि प्लेसमेंट पण झाली! इथून पुढे त्याला अरेतुरे करणं बरं दिसणार नाही.

फार्नबरोमध्ये डी हॅविलंड विमानं आखत आणि स्वतःच उडवून बघत. बी.ई.२ हे त्यांचं तिथलं गाजलेलं विमान. १९१२ मध्ये ह्या विमानातून ते सोबत एक अधिकारी घेऊन साडेदहा हजार फुटांवर गेले, तो तेव्हा ब्रिटिश उंचीचा विक्रम होता. १९१४ मध्ये ते हेंडनच्या एअरको कंपनीत मुख्य डिझायनर झाले. पहिल्या महायुद्धातली डी.एच.२, डी.एच.४, डी.एच.९ ही विमानं त्यांची. ह्यातलं डी.एच.४ तर अमेरिकेतही हजारोंनी बनलं. युद्ध संपलं, विमानांची मागणी संपली, कंपनी विकली गेली. मग २५ सप्टेंबर १९२० ला त्यांनी स्वतःची डी हॅविलंड एअरक्राफ्ट कंपनी काढली, लंडनच्या कडेला स्टॅग लेन नावाच्या मैदानावर, थोड्या शेड आणि थोडी जुनी माणसं घेऊन.

त्या कंपनीला खरं नाव मिळवून दिलं ते मॉथ विमानाने. डी हॅविलंडना लहानपणापासून फुलपाखरं आणि पतंग गोळा करायचा नाद होता. म्हणून विमानांची नावं मॉथ, जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, पस मॉथ. दिव्यावर येणारे पतंग बरं का, संक्रांतीचे नाहीत! २२ फेब्रुवारी १९२५ ला पहिलं मॉथ उडालं. सामान्य माणसाला परवडेल असं विमान करायचं होतं, आणि तसं इंजिनच बाजारात नव्हतं. तेव्हा फ्रँक हॅल्फर्ड ह्या इंजिनीअरने युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे भाग घेऊन, ते अर्धं करून, चार सिलिंडरचं इंजिन बनवलं. ह्याला आपण जुगाड म्हणतो. पुढे जुने भाग संपत आले तेव्हा त्यांनी स्वतःचं जिप्सी इंजिन आणलं. मॉथचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते गाडीच्या मागे बांधून नेता येई. एमी जॉन्सनने १९३० मध्ये जिप्सी मॉथमधूनच इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने प्रवास केला.

आणि आपल्यासाठी सगळ्यात जवळची गोष्ट. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला आले आणि जुहूला उतरले. भारतातल्या विमानसेवेची ती सुरुवात. ते विमान होतं डी हॅविलंडचं पस मॉथ. आपल्या देशातल्या पायलटांच्या कितीतरी बॅचेस टायगर मॉथवर हात बसवून तयार झाल्या.

लंडन वाढत गेलं तशी स्टॅग लेनची जमीन महाग झाली. कंपनीने ती घरं बांधणाऱ्यांना विकली आणि उत्तरेला हॅटफिल्डला शेतजमिनीवर नवा कारखाना थाटला. १९३४ पर्यंत बिऱ्हाड हललं. म्हणजे विमानाच्या मैदानाचं दुसरंच काहीतरी होणं हे डी हॅविलंडनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या सहीने एकदा पाहिलेलंच होतं.

त्याच वर्षी हॅटफिल्डच्या लाल कॉमेट विमानाने इंग्लंड ते मेलबर्न ही शर्यत जिंकली, जेमतेम ७१ तासांत. लाकडी विमान इतकं वेगवान होऊ शकतं हे त्यांना कळलं. म्हणून दुसरं महायुद्ध आल्यावर त्यांनी सरकारपुढे एक अजब कल्पना मांडली. बॉम्बफेकी विमान करायचं, पण लाकडाचं. त्यावर बंदुका नाहीत, बंदूकवाले सैनिक नाहीत. फक्त दोन माणसं आणि असा वेग की शत्रूने गाठूच नये. धातूच्या युगात लाकूड? अधिकाऱ्यांनी तोंडं वाकडी केली. एकटे सर विल्फ्रिड फ्रीमन हे हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी पाठीशी उभे राहिले. सॅलिसबरी हॉल नावाच्या जुन्या वाड्यात बसून विमान आखलं गेलं. हेच ते मॉस्किटो!

त्याचं धड दोन उभ्या भागांत बनायचं. साच्यावर बर्च प्लायवूडचे पातळ थर, मध्ये हलकं बाल्सा लाकूड, आणि गोंद. दोन्ही अर्धुकं उघडी असतानाच आत वायरी आणि नळ्या बसवायच्या, मग शेंगेसारखी मिटवायची. काम करायला फर्निचर आणि पियानो बनवणारे कारागीर होतेच. धातूच्या कारखान्यांवरचा ताण वाचला तो वेगळाच. ३ ऑक्टोबर १९४० ला एका जर्मन विमानाने हॅटफिल्डच्या कारखान्यावर बॉम्ब टाकले. २१ माणसं गेली, मॉस्किटोसाठी जमवलेला बराच माल जळाला. तरी २५ नोव्हेंबरला पहिलं मॉस्किटो उडालं. चालवत होता त्यांचा थोरला मुलगा, तोही जेफ्रीच. एकूण ७७८१ मॉस्किटो बनली.

पण ह्या यशात एक गाठ आहे, आणि तिचा संबंध भारताशी आहे. १९४४ मध्ये इकडे आलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेतच मोडले, माणसं मेली, विमानं जमिनीवर बसवावी लागली. आधी बोट गेलं इथल्या उकाड्यावर, दमट हवेवर आणि गोंदावर. पुढच्या तपासात निघालं की काही पंखांच्या जोडणीतच कारखान्यात खोट राहून गेली होती. हवा वाईट होतीच, पण सगळा दोष हवेचा नव्हता.

१९४४ मध्येच ते सर झाले. पण आधीच्या वर्षी, २३ ऑगस्ट १९४३ ला, त्यांचा धाकटा मुलगा जॉन मॉस्किटो घेऊन वर गेला होता आणि दुसऱ्या मॉस्किटोशी टक्कर होऊन गेला. २७ सप्टेंबर १९४६ ला थोरला जेफ्री डी.एच.१०८ ह्या शेपटीच्या आडव्या पंखांशिवायच्या जेट विमानातून वेगाच्या विक्रमाची तयारी करत होता. थेम्सच्या मुखावर विमान हवेतच फुटलं. तीन मुलांतले दोन गेले, आणि दोघेही बापाच्याच विमानांत. लुई ह्या धक्क्यातून सावरली नाही. १९४९ मध्ये तीही गेली. ज्या हातांनी पहिल्या विमानाचे पंख शिवले, त्या हातांना काय वाटलं असेल, ह्याचा विचार केला की मला पुढे लिहवत नाही. वडील मात्र कामावर येत राहिले.

२७ जुलै १९४९, साहेबांचा ६७ वा वाढदिवस. हॅटफिल्डहून जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान उडालं, दुसरं कॉमेट. २ मे १९५२ ला लंडन–जोहान्सबर्ग सेवा सुरू झाली. प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला. अमेरिकासुद्धा मागे पडली. आणि मग अपघात सुरू झाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याजवळ एक कॉमेट वादळात कोसळलं, ४३ जण गेले. दोष वादळाला गेला. १० जानेवारी १९५४ ला एल्बा बेटाजवळ निरभ्र आकाशात दुसरं फुटलं, ३५ गेले. कंपनीने आग वगैरे जी जी कारणं सुचली त्यांवर उपाय केले, उड्डाणं पुन्हा सुरू झाली आणि जेमतेम दोन आठवड्यांत, ८ एप्रिलला, नेपल्सजवळच्या समुद्रात आणखी एक पडलं. २१ गेले.

आता वाऱ्यावर ढकलायची सोय उरली नव्हती. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात, जिथे साहेबांची विमानक्षेत्रातली पहिली नोकरी होती तिथेच, एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. विमान वर गेलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, खाली आलं की उतरतो. तसा दाब पाणी भरून पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला. हवेऐवजी पाणी अशासाठी, की धड फाटलं तर स्फोट होऊ नये. आधीची खरी उड्डाणं १२२१ आणि टाकीतली १८३६, अशा ३०५७ फेऱ्यांनंतर धड फाटलं. समुद्रातून काढलेल्या एल्बाच्या विमानाचे तुकडे तेच सांगत होते. छपरावरच्या ॲन्टेनाच्या खिडकीच्या कोपऱ्यात, रिव्हेटच्या भोकापासून चीर सुरू झाली होती. धातू थकला होता. आपण फटीग आणि स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणून व्हायवाच्या आदल्या रात्री जे पाठ करतो, ते हेच.

मग कंपनीने आधी टेस्ट केली नव्हती का? केली होती, आणि तिथेच फसगत झाली. त्यांचा नमुना सोळा हजारांहून जास्त फेऱ्या टिकला होता. पण त्याच नमुन्याला आधी मजबुती बघायला दुप्पट दाब दिला होता. त्या जास्तीच्या दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला जाऊन उलट थकव्याला जास्त टिकाऊ झाला. म्हणजे टेस्ट खरी, आकडे खरे, आणि निष्कर्ष चुकीचा. हे मी तीनदा वाचलं.

चौकशी उघडपणे झाली, निष्कर्ष सगळ्या जगाच्या हाती आले. अमेरिकन कंपन्यांनी त्यातून धडा घेतला आणि पुढे बाजारही घेतला. सुधारलेल्या कॉमेटने ४ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटिक पार जेट सेवा सुरू केली खरी, पण पाठोपाठ त्याच महिन्यात बोइंग ७०७ आलं. १९६० मध्ये डी हॅविलंड कंपनी हॉकर सिडली समूहात गेली. साहेब सत्तरीपर्यंत स्वतः विमान चालवत होते. १९६२ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. २१ मे १९६५ ला ते वारले. त्यांची रक्षा विमानातून सेव्हन बॅरोजच्या माळावर उधळली, जिथे पहिला पंख मोडला होता.

हॅटफिल्डचा कारखाना पुढे ब्रिटिश एअरोस्पेसकडे गेला आणि १९९० च्या दशकात बंद पडला. रिकाम्या मैदानावर सेव्हिंग प्रायव्हेट रायन सिनेमातलं पडकं फ्रेंच गाव उभं राहिलं. मग आला बिझनेस पार्क, घरं आणि २००३ मध्ये विद्यापीठाचा डी हॅविलंड कॅम्पस. आपल्या मुंबईत गिरण्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसं आली, तसंच. दादाची ती उंच छपराची जिम म्हणजे कॉमेटसाठी बांधलेला ॲल्युमिनियमचा हँगर. तो वारसा म्हणून जपलाय, पाडता येत नाही. पहिलं मॉस्किटोही जवळच सॅलिसबरी हॉलच्या म्युझियममध्ये आहे. आधी मला वाईट वाटलं, मशिनं गेली आणि कीबोर्ड आले म्हणून. आमच्याही बॅचमधले निम्मे मेकॅनिकलवाले सॉफ्टवेअरलाच जाणार आहेत. पण विमानाच्या खिडकीत बसाल तेव्हा तिचे गोल कोपरे बघा. त्या टाकीत शिकलेली गोष्ट जगभर उडतेय.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी एका कॉलेजच्या फेस्टमध्ये आमच्या ग्रुपचं बाल्साचं विमान वर गेलं आणि अकराव्या सेकंदाला पंख मोडून पडलं. आम्ही जजना सांगितलं, वारा फार होता. रिपोर्टमध्येही तेच लिहिलं. वारा होताच. पण आदल्या रात्री दोन वाजता स्पारचा जोड मी चिकटवला होता, आणि तो नीट सुकायच्या आधीच आम्ही पंख बॅगेत भरला होता. तुटलेल्या तुकड्यावर गोंदाचा चकचकीत, न धरलेला डाग मी पाहिला होता. कुणाला बोलले नाही.

हा लेख लिहून झाल्यावर सरांकडे गेले आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर खरं कारण लिहून सही केली. सर रागावले नाहीत, कौतुकही केलं नाही. त्यांनी रिपोर्ट ज्युनिअर्स वापरतात त्या कपाटात ठेवला. तेव्हा पुढच्या बॅचवाल्यांनो, विमान पडलं तर आधी जोड बघा. वारा नंतर.